बाहुली फोटोत हलत नाही

चौकटअण्णांनी जन्मभर दुसऱ्यांचे फोटो चौकटीत बसवले, पण स्वतः एकही फोटो कधी काढला नव्हता. जगाला वाढायचं आणि आपण न जेवताच हात धुवून उठायचं, तशातला प्रकार. किल्ल्या बनवणारा आणि औषधांचं दुकान यांच्यामध्ये त्यांचं दुकान होतं, एवढं अरुंद की गिऱ्हाईक आत आलं की अण्णांना श्वास आत घ्यावा लागायचा. तिथे बसून बत्तीस वर्षं त्यांनी काचा कापल्या, पट्ट्या जुळवल्या, मागे बारीक खिळे ठोकले आणि लोकांच्या भिंती भरल्या.

नजर मात्र अशी, की चौकट सुतभर कलली तरी यांच्या पोटात दुखायचं. एकदा दाढ काढायला गेले होते. तोंडात भूल, बोलता येईना. हाताने खुणा करकरून त्यांनी दातांच्या डॉक्टरला भिंतीवरचं प्रमाणपत्र सरळ करायला लावलं आणि मगच तोंड उघडलं. डॉक्टर मदतनिसाला म्हणाला, "भूल जरा जास्त झाली वाटतं."

अशा माणसाच्या नजरेतून काही निसटेल, असं कोणाला वाटलं नसतं. पण निसटलं. रोज दोन हातांच्या अंतरावर, पांढऱ्या चादरीवर, त्यांच्या डोळ्यांदेखत ते होतं आणि निसटत होतं.

त्याचं असं झालं. अण्णांना नात झाली तेव्हा मुलगा मालवाहू बोटीवर होता. आठ महिने जमिनीला पाय लागणार नव्हते. बोटीवरून त्याचा फोन आला, "अण्णा, कपाटात माझा कॅमेरा आहे. दर रविवारी तिचा एक फोटो पाठवा. मी येईन तेव्हा ती रांगत असेल. मधली पोरगी मला कोण दाखवणार?"

"मी दाखवतो ना," अण्णा म्हणाले. "काळजी कसली करतोस?"

पहिल्या रविवारच्या फोटोत नातीचं अर्धं कपाळ, उशीचा कोपरा आणि आजीचं पाऊल आलं. मुलाने उत्तर पाठवलं, "आईचं पाऊल ओळखलं. बाळ कुठे आहे?" अण्णांना ते फार लागलं. ते उठले आणि थेट उजेडमास्तरांकडे गेले.

उजेडमास्तर म्हणजे अण्णांचे जुने दोस्त. यांचा स्टुडिओ चालायचा तेव्हा हे फोटो काढायचे आणि अण्णा चौकट घालायचे. कोणी काहीही विचारलं तरी हे म्हणायचे, "आधी उजेड बघ." एकदा बायकोने विचारलं, भाजीत मीठ कसं आहे? हे म्हणाले, "आधी खिडकी उघड." तेव्हापासून नाव पडलं.

मास्तर दुसऱ्याच दिवशी घरी आले आणि त्यांनी खोली ताब्यात घेतली.

"हा चमकणारा दिवा बंद कर आधी. तान्ह्या पोराच्या डोळ्यांत वीज कसली पाडतोस? खाट खिडकीशी घे. उजेड बाजूने आला पाहिजे, डोक्यावरून नाही. पलीकडून पांढरी चादर धर, म्हणजे अंधाऱ्या गालावर जरा उजेड सांडेल. आणि असा उंटासारखा उभा काय राहिलास? खाली हो. पोराच्या डोळ्यांच्या उंचीला ये."

अण्णा खाली झाले. साठी उलटलेला माणूस पोटावर झोपला की पुन्हा उठायला दोन माणसं लागतात, ती लागली. पण तो पुढचा भाग.

"आता खरी गोम ऐक," मास्तर म्हणाले. "खोलीत उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याची पापणी जास्त वेळ उघडी राहणार. तेवढ्या वेळात पोराने हात हलवला तर हाताचा धूर होणार. तान्ह्या पोराचा फोटो म्हणजे पळत्या उंदराला टोपी घालण्यातला प्रकार. पन्नास काढशील, तेव्हा एक साधेल."

अण्णांनी पन्नास काढले. पन्नासच्या पन्नास साधले.

मास्तरांनी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर एकेक बघितला. पापणीचा केस न् केस स्वच्छ. मूठ स्वच्छ. ओठ स्वच्छ. "लेका, नशीब काढलंस," ते म्हणाले. "चाळीस वर्षांत माझ्यापुढे असं पोर बसलं नाही. पोर आहे का बाहुली?"

झालं, नाव पडलं. बाहुली.

सूनबाई दारात उभी होती. ती हसली नाही. "ती अशीच असते," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने सासूजवळ विषय काढला. "आई, हिला दूध प्यायला उठवावं लागतं हो. दोन घोट घेते की पुन्हा झोप. रडते तीही घोगरी, सर्दी झाल्यासारखी. अशी असतात का पोरं?"

"गरीब आहे बिचारी," आजी म्हणाल्या. "हिचा बाप कसा होता, विचार. अख्खी गल्ली जागी ठेवायचा. पलीकडच्या घरातला भाडेकरू सोडून गेला त्याच्यापायी. तुझं नशीब चांगलं म्हण."

"ज्या झाडाला फळ गोड, त्यालाच दगड," अण्णा कॅमेरा पुसता पुसता म्हणाले. "पोर रडलं तरी आईला काळजी, नाही रडलं तरी काळजी."

सूनबाई पोरीला घेऊन आत गेली. घरात तीन मोठी माणसं असली आणि त्यांतली दोन हसत असली, की तिसऱ्याला आपलंच डोकं फिरलंय असं वाटू लागतं.

अण्णांना मात्र फोटोंचा नादच लागला. दुकानात काच कापताना डोक्यात खिडकी, आणि गिऱ्हाईक बोलताना नजर त्याच्या गालावरच्या सावलीवर. चौथ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की बाहुली फोटोत पिवळी दिसते. जुना कागद पिवळा पडतो तशी. त्यांनी मास्तरांना फोन केला.

"भिंतींना रंग कोणता आहे?"

"पिवळसरच."

"मग त्याचीच झाक पडते. कॅमेऱ्यात उजेडाचा रंग बदलायची सोय असते. निळ्याकडे सरकव थोडं, गुलाबी होईल."

अण्णांनी सरकवलं. बाहुली गुलाबी झाली. मुलाचं उत्तर आलं, "काय गोड रंग आहे हिचा! तिच्या आईवर गेली वाटतं." अण्णांनी ते दोनदा वाचून दाखवलं. सूनबाईने मोबाइलकडे पाहिलं, मग मांडीवरच्या पोरीकडे, मग पुन्हा मोबाइलकडे. तिच्या मांडीवरची पोर गुलाबी नव्हती. भिंतीपासून दूर, अंगणात नेली तरी नव्हती.

पुढे जिभेचं निघालं. बाहुलीची जीभ सारखी ओठांबाहेर डोकवायची. फोटोत ते बरं दिसेना. म्हणून अण्णा पोटावर पडून वाट बघायचे, अर्धा अर्धा तास. जीभ आत गेली रे गेली, की बटण दाबायचे. बेंबी जरा फुगून वर आली होती, तिच्यावर झालरीचं झबलं आलं. दर रविवारी फोटो आदल्या रविवारपेक्षा सरस व्हायचा. आणि अण्णांच्या हाताला जसजसं वळण लागलं, तसतशी घरातली खरी पोरगी फोटोतून एकेक पाऊल मागे सरकत गेली.

सहाव्या आठवड्यात इंजेक्शनं टोचायला नेली. रांग दारापर्यंत. पोरं अशी किंचाळत होती की बाहेरची कुत्री उठून गेली. बाहुलीला सुई टोचली, नर्सबाईंनी काढली, कापूस दाबला आणि "पुढचा" म्हणून हाक दिली. पुढचं पोर टेबलावर आलं, तेव्हा कुठे बाहुलीच्या गळ्यातून एक घोगरा, बारीकसा आवाज आला.

"किती शहाणी बाई!" नर्सबाई म्हणाल्या.

सूनबाईला विचारायचं होतं. पण रांग मागून ढकलत होती आणि अण्णा कौतुकाने सगळ्यांकडे बघत होते.

शेजारी शिंपीणबाई राहायच्या. त्यांचा नातू बाहुलीपेक्षा दहा दिवसांनी मोठा. सगळे त्याला वळवळ्या म्हणत. अण्णांची कीर्ती ऐकून एका सकाळी त्या त्याला काखेत मारून घेऊन आल्या.

"अण्णा, आमच्याही ध्यानाचा काढा की एखादा. पण आधीच सांगते, माप घेताना हा स्थिर राहत नाही. दोन झबली उसवली माझी."

अण्णांनी खाट, चादर, खिडकी सगळं तेच मांडलं. साठ फोटो काढले. एकात हाताचा धूर, दुसऱ्यात पायाचा. एकात तर तोंडच नव्हतं, नुसता एक गुलाबी झपाटा. खुळखुळा वाजला की हा वळायचा, कॅमेरा वाजला की दचकायचा, आणि अण्णांची टोपी दिसली की पाय झाडायचा.

"याला काही शिस्त?" अण्णा वैतागले. "आमच्या बाहुलीकडे बघा जरा."

शिंपीणबाईंनी बघितलं. बाहुली पलीकडे उशीवर होती. खुळखुळा तिच्याही कानाशी वाजला होता. वळवळ्या तिच्यापासून हातभर अंतरावर भोकाड पसरून रडला होता. ती वर बघत होती.

एरवी बाई दिवसभर मोठमोठ्याने बोलत असायच्या. आता वळवळ्याला उचलून हलक्या आवाजात म्हणाल्या, "अण्णा, पोर आहे ते. भिंतीवरचा फोटो नव्हे." आणि दारात सूनबाईच्या खांद्यावर हात ठेवून आणखी काहीतरी बोलल्या. अण्णांना ते ऐकू आलं नाही. त्यांना राग आला होता. मत्सर, दुसरं काय, असं ते आजींना म्हणाले. पण त्या दिवशी दुकानात त्यांनी एकाच चौकटीची काच तीनदा चुकीची कापली. बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

त्याच आठवड्यात बोटीवरून निरोप आला. "अण्णा, फोटो एक नंबर. बोटीवरचे सगळे म्हणतात, वडील स्टुडिओवाले आहेत का? आता एक व्हिडिओ पाठवा ना. हातपाय कशी हलवते ते बघायचंय मला. तीन-चार मिनिटांचा चालेल."

अण्णांनी रविवारी सकाळी मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवला. बाहुलीला खिडकीशी ठेवलं. बटण दाबलं आणि बाजूला होऊन खुळखुळा वाजवला, टाळ्या वाजवल्या, शीळ घातली.  तीन मिनिटं घड्याळावर मोजली आणि बंद केलं.

मग खुर्चीत बसून त्यांनी तो लावला.

बाहुली पडद्यावर आली. छान उजेड, गाल स्वच्छ, डोळे उघडे. अण्णा बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी बोटाने पडद्यावर टिचकी मारली.

"अडकला वाटतं," ते म्हणाले.

"काय?" सूनबाई आतून आली.

"व्हिडिओ अडकलाय. पुढे सरकत नाही."

सूनबाई त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. दोघं बघत राहिले. मग तिने बोट पुढे करून पडद्याचा कोपरा दाखवला. तिथे खिडकीचा पडदा होता. तो वाऱ्याने आत येत होता, बाहेर जात होता, पुन्हा आत येत होता. आणि व्हिडिओत अण्णांच्या टाळ्या ऐकू येत होत्या, एकामागून एक.

"अडकलेला नाही, अण्णा," ती म्हणाली.

तीन मिनिटं म्हणजे किती असतात ते अण्णांना त्या दिवशी कळलं. चौकट सुतभर कलली तर ज्यांना जेवण जात नव्हतं, त्या माणसाने पहिल्यांदा चौकट सोडून आतलं बघितलं. पिवळे गाल. सुजल्यासारख्या पापण्या. जीभ. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी उजव्या हाताचं एक बोट जरा वाकलं, तेवढंच.

"चपला घाल," ते म्हणाले. "मोठ्या दवाखान्यात जाऊ."

"आज रविवार आहे हो," आजी म्हणाल्या.

"मग आजारपणाला सुट्टी असते का?"

मुलांच्या डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या होत्या. बाहुलीचं झबलं त्यांनी काढलं, बेंबी दाबून बघितली, टाळूवर बोटं फिरवली, पावलं हातात धरली. "हातपाय नेहमी असेच गार असतात?"

"हो," सूनबाई म्हणाली.

"शौचाला?"

"चार-चार दिवस होत नाही."

"आणि पिवळेपणा? कधीपासून?"

सूनबाई अण्णांकडे बघू लागली. अण्णा जमिनीकडे. "जन्मापासून असावा," ते म्हणाले. "मी... म्हणजे मला वाटलं भिंतीचा रंग आहे."

डॉक्टरीणबाईंना ते उत्तर कळलं नाही, आणि त्यांनी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. "जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासणी करतात. ती झाली होती?"

"आठवड्याने परत आणा म्हणाले होते," सूनबाई म्हणाली. "पण घरी सगळे म्हणाले, एवढ्याशा पायाला कशाला टोचायचं."

तिने 'सगळे' म्हटलं. पण त्या सगळ्यांत पहिला आवाज अण्णांचा होता, ते घरच्या तिघांनाही ठाऊक होतं.

रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कागद आला. गळ्यात एक छोटी ग्रंथी असते, तिच्यातून निघणाऱ्या रसावर पोराचं अंग वाढतं, मेंदू वाढतो. बाहुलीच्या गळ्यात ती जवळजवळ नव्हतीच.

"औषध सोपं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रोज सकाळी एक गोळी, चुरून, चमचाभर पाण्यात. जन्मभर. एक दिवसही चुकवायची नाही."

"म्हणजे बरी होईल?" आजींनी विचारलं.

"अंग वाढेल. रडेल, भूक लागेल, रंग सुधारेल. तेवढं मी खात्रीने सांगते." त्यांनी चष्मा काढला. "पण मेंदूला हे औषध पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हवं असतं. तुम्ही अकराव्यात आलात. किती हातचं गेलं आणि किती राहिलं, ते आज कोणी सांगू शकत नाही. कधी बसते, कधी बोलते, त्यावरून कळेल. वर्ष लागेल, दोन लागतील."

घरी आल्यावर आजींनी दार लावून घेतलं. "पोराला काही कळवू नका. भर समुद्रात आहे, एकटा आहे. काय करणार तो तिथून? पाठवा नेहमीसारखा एखादा फोटो."

कॅमेऱ्यात शंभर फोटो तयार होते. गुलाबी, गोड, झकास. अण्णांनी मोबाइल हातात घेतला. मुलगा अकरा आठवडे जिच्याकडे बघून बोटीवर हसत होता, ती पोरगी अण्णांनीच घडवली होती. खरीला तो एकदाही भेटला नव्हता. आणि खरीला जे काही व्हायचं होतं, ते आता व्हायचं होतं.

त्यांनी व्हिडिओ पाठवला. आख्खा, तीन मिनिटांचा.

उत्तर तासाभराने आलं. "अण्णा, अडकलाय. परत पाठवा."

अण्णांनी फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही, दुसऱ्यांदा खरखर आली. तिसऱ्या वेळी मुलाचा आवाज आला, मागे इंजिनाची धडधड.

"अरे, तो अडकलेला नाही," अण्णा म्हणाले. "पोरगी तशीच आहे. आजवर तुला जी पाठवली ती नाही, ही आहे. चूक माझी आहे. आता नीट ऐक, आणि मध्ये बोलू नकोस, नाहीतर मला पुढे बोलता यायचं नाही."

मुलगा मध्ये बोलला नाही. सगळं सांगून झालं. मग म्हणाला, "तिच्याकडे द्या फोन." अण्णांनी सूनबाईकडे दिला आणि ते दुकानाच्या किल्ल्या घेऊन उगाच बाहेर गेले. दुकान उघडलं नाही. किल्लीवाल्याच्या पायरीवर बसून राहिले.

गोळीच्या नवव्या दिवशी सकाळी बाहुली रडली. घोगरी नाही, खणखणीत. आजी धावत उचलायला गेल्या. सूनबाईने त्यांचा हात धरला. "राहू द्या आई, जरा रडू दे," ती म्हणाली, आणि स्वतःही रडायला लागली. शिंपीणबाई भिंतीपलीकडून ओरडल्या, "कोण ते? तुमचीच का?" अण्णा आनंदाने "हो" म्हणून ओरडले. पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं त्यांना तोंडपाठ होतं. रडणं हे अंगाचं काम. आतलं अजून कोणी सांगितलं नव्हतं.

मुलगा बोटीवरून परत आला तेव्हा वळवळ्या रांगत घरभर फिरत होता. बाहुली उशीला टेकून असायची. मुलगा दारात चपला न काढता उभा राहिला आणि तिच्याकडे बघत राहिला. तिने त्याच्याकडे बघितलं, उशिराने, पण बघितलं. बापलेकांत त्या विषयावर पुन्हा बोलणं झालं नाही. चहा मागताना मात्र मुलगा वडिलांकडे न बघता मागायचा, आणि अण्णा तो न बोलता आणून द्यायचे.

आता रोज सकाळी गोळी दिली, अर्धा तास गेला, दूध झालं, की अण्णा खोलीच्या मधोमध सतरंजी घालतात. बाहुलीला बसवतात. पाठीमागची उशी हळूच काढतात आणि दोन्ही हात तिच्या दोन्ही बाजूंना धरतात, न लावता. मग मोजतात. परवा तीनपर्यंत बसली. काल पाच. आज मान डगमगली, कंबर वळली, तरी सातपर्यंत टिकली आणि मग डावीकडे कलली ती अण्णांच्या तळव्यात.

दारातून मुलगा बघत होता. "किती झाले?" त्याने विचारलं.

"सात."

"पुन्हा बसवा," तो म्हणाला.

अण्णांनी तिला सरळ केलं, हात दूर घेतले आणि मोजायला सुरुवात केली. "एक."